भुऱ्या रस्त्यावरच का गुरगुरतो?

"रविवारी भुऱ्याला गोदामावर राखणीला सोडून येतो," मामा साखळी खुंटीला अडकवत म्हणाला. "आज रस्त्यावर शेजारच्या छकुलीच्या अंगावर धावून गेला. उद्या चावला तर?"

ढब्बू आपल्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागला. दारात उभ्या असलेल्या काडीला मात्र आतून थोडं बरं वाटलं. सुट्टीला मामाकडे आल्यापासून ती या मामेभावावर जळत होती. तिने भुऱ्याचे कितीही लाड केले, तरी तो झोपायचा ढब्बूच्याच पायाशी. तिच्या घरी कुत्र्याचं नाव काढलं की आई डोळे वटारायची. आता याच्याकडेही नसेल. बरंच झालं.

पण एक गोष्ट तिला खटकत होती. अंगणात छकुली भुऱ्याचे कान ओढायची, तरी तो हूं की चूं करत नसे. मग रस्त्यावरच त्याला काय होतं?

संध्याकाळी मामा भुऱ्याला घेऊन निघाला, तशी ती गुपचूप मागोमाग गेली. मामा फोनवर बोलण्यात गुंग होता. समोरून सायकलवर एक मुलगा आला. मामाने साखळी मुठीला गुंडाळून हिसका दिला. भुऱ्याचे पुढचे पाय उचलले गेले आणि मग तो गुरगुरला. पुढे एक पांढरी कुत्री दिसली. पुन्हा तेच. आधी हिसका, मग भुंकणं.

काडी परत येऊन जिन्यावर बसून राहिली. सांगितलं, तर भुऱ्या ढब्बूचाच राहणार. आतून त्याचं मुसमुसणं ऐकू येत होतं. शेवटी ती उठलीच.

"पुरे आता रडूबाई. मला कळलंय काय होतं ते."

तिने सगळं सांगितलं. "बाबा हसण्यावारी नेतील," ढब्बू नाक पुसत म्हणाला.

"म्हणून सांगायचं नाही. दाखवायचं."

दुसऱ्या दिवशी मामा पेपर वाचत असताना काडीने त्याच्या मनगटाला ओढणी बांधली. "खेळ आहे, मामा. तू वाच." मामी खोलीत आली, की ढब्बू ओढणीला जोरात हिसका द्यायचा. असं बरेचदा झालं. मग मामी नुसती दारात दिसली आणि हिसका बसायच्या आतच मामा खेकसला, "आता काय आहे तुझं?"

"मी काय केलं?" मामी चकित झाली.

"काहीच नाही," काडी म्हणाली. "छकुलीनेही काही केलं नव्हतं. साखळी तू ओढतोस, मामा, आणि भुऱ्याला राग येतो समोरच्याचा."

मामाने मनगट चोळत ओढणी सोडली. गोदामाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

मग रोज सराव सुरू झाला. साखळी सैल, आणि लांबवर मूल किंवा कुत्रा दिसला, की भुऱ्याला उकडलेल्या अंड्याचा तुकडा. तो ताठरला, की लगेच मागे वळायचं. सुट्टी संपता संपता छकुली रस्त्याच्या पलीकडून गेली, तेव्हा भुऱ्याने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि अंड्यासाठी मान वर केली.

"शाब्बास, काडी," मामा म्हणाला. "माझी चूक तू पकडलीस. आज साखळी तू धर."

ढब्बूचं तोंड एवढंसं झालं. ते तोंड काडीच्या चांगलंच ओळखीचं होतं. तिने साखळी त्याच्या हातात दिली.

अंडं मात्र स्वतःकडेच ठेवलं.