पाच नंबरचा माग

अंबादासनं बांधलेल्या कम्प्युटरवर चित्र येत नव्हतं. सुरुवातीला गोष्ट एवढीच होती.

सत्त्याऐंशी सालचा मे महिना. अंबादास शिकवायचा त्या पॉलिटेक्निकला सुट्टी लागली होती आणि शिवाजी पेठेतल्या घराच्या माडीवर चौदा महिने जुळवत आणलेलं यंत्र एकदाचं पुरं झालं होतं. पेठेत तोवर कम्प्युटर फार थोड्यांनी पाहिला होता. घरी बांधायला घेणारा अंबादास एकटाच. नकाशा एका मासिकातला, चिपा मुंबईहून मागवलेल्या, पेटी गल्लीतल्या सुतारानं करून दिलेली. पडदा म्हणून घरचाच टीव्ही. पण अक्षरं मात्र अंबादासची स्वतःची होती. पडद्यावर मराठीच उमटली पाहिजे असा त्याचा हट्ट. आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून एकेक अक्षर त्यानं ठिपक्याठिपक्यांनी काढलं होतं आणि चिपमध्ये भरलं होतं. बटण दाबलं की यंत्रानं आधी ‘बोला’ असं लिहायचं आणि मग आपण जी कळ दाबू ते अक्षर उमटवायचं.

बटण दाबलं. टीव्हीवरच्या मुंग्या गेल्या, पडदा काळाभोर झाला. ‘बोला’ काही आलं नाही.

अंबादास चिडणाऱ्यातला नव्हता. बिघाड कधी खोटं बोलत नाही, आपल्याला नीट विचारता येत नाही, असं तो पोरांना शिकवायचा. आता तो स्वतः विचारायला बसला. वीज पाहिली, बरोबर. चिपा काढून पुन्हा बसवल्या. डाखाचा प्रत्येक ठिपका भिंगाखाली तपासला. कळ दाबली की पेटीतून टक् असा आवाज यायचा, म्हणजे यंत्राला समजत होतं. टीव्हीही धडधाकट; संध्याकाळी बातम्या स्वच्छ दिसायच्या. शेवटी त्यानं कॉलेजातला ऑसिलोस्कोप रिक्षात घालून आणला. त्याच्या हिरव्या काचेवर विजेची लाट दिसते. पेटीच्या तोंडाशी त्याची सुई टेकवली, तर अक्षरांची लाट अगदी पुस्तकात असावी तशी नाचत होती. तीच सुई हातभर वायरच्या दुसऱ्या टोकाला टेकवली, तर सपाट रेघ.

वायर बदलली. तीन वेळा बदलली. ‘निघतंय, पण पोहोचत नाही,’ असं त्यानं वहीत लिहिलं.

“मग जातंय कुठं?” त्याच्या बायकोनं, विमलानं, विचारलं.

“जाणार कुठं? वाटेत मरत असेल.”

“मेलेलं कुठंतरी पडतंयच की,” ती म्हणाली आणि चिंच फोडायला खाली गेली.

पुढचे चार दिवस तो रोज सकाळी काळ्या पडद्यासमोर बसून आंधळेपणानं कळा दाबत राहिला. अ आ इ ई. क ख ग. एकदा स्वतःचं नाव लिहिताना बोट अडखळलं आणि ब दोनदा दाबला गेला. टक् टक् असे दोन आवाज आले म्हणून कळलं. ‘अंबबादास’.

रविवारी विमलाचा भाऊ हंबीरराव आला. एसटीनं तासाभराच्या वाटेवर, कबनूरला त्याचे आठ यंत्रमाग होते. साधं पांढरं कापड निघायचं, मांजरपाट. आल्या आल्या त्यानं काखेतलं गाठोडं जमिनीवर आपटलं.

“घे अक्का. उशांचे अभ्रे कर, न्हाईतर पोतेरं कर. व्यापाऱ्यानं तोंडावर मारलंय माझ्या.”

“का? काय झालं?”

“भोकं पडल्यात. नक्षी काढल्यागत. बाकी सात मागांवर काय न्हाय, फकस्त पाच नंबरवर. आन् पाच नंबरवर कोण? आकाराम. अकरा वर्सं झाली माझ्याकडं, सोन्यासारखा माणूस. पण आता मुद्दाम करायलाय. शनवारी काढणार हाय त्येला.”

विमलानं कापड उलगडून खिडकीशी धरलं. मे महिन्याचं ऊन पाठीमागून आलं आणि अंबादासच्या हातातली चहाची बशी कलली.

पांढऱ्यावर पांढरं असल्यानं एरवी दिसलं नसतं. पण उजेडात बारीक बारीक छिद्रं उमटत होती. सरळ ओळीनं, बोटभर उंचीची. तो उठून जवळ गेला. ‘बोला’. पुन्हा ‘बोला’. खाली अ आ इ ई. त्याच्याखाली क ख ग.

“अहो, मराठी लिहिलंय की ह्यावर,” विमला हळूच म्हणाली.

अंबादासनं आलेखाचे कागद आणले. टाचणीच्या टोकानं ठिपके मोजले. ल काढताना त्याच्या हातून एक चौकोन जादा रंगवला गेला होता. ते त्याला नंतर कळलं होतं आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. कापडात तो जादा ठिपका होता. आणि वीतभर खाली, दोन ब असलेलं त्याचं नाव होतं.

“हंबीरराव,” तो म्हणाला, “आकारामला काढू नका. बुधवारी मी तिकडं येतो.”

“दाजी, तुमचा काय संबंध?”

“ते मलाच बघायचंय.”

बुधवारी सकाळच्या एसटीनं तो कबनूरला गेला. निघताना विमलाशी ठरवून घेतलं होतं. बरोबर अकरा वाजता तिनं यंत्र लावायचं आणि मनाला येईल तो एक शब्द लिहायचा. कुठला, ते त्याला सांगायचं नाही.

कारखान्यात शिरल्यावर आठही मागांचा खडखडाट छातीत वाजू लागला. हवेत कापसाची भुकटी. आकाराम पाच नंबरपाशी उभा होता. चाळिशीचा, वाळका, भुवयांवर पांढरी भुकटी बसलेली. तोंड अंबादासच्या कानाशी आणून तो बोलला.

“सर, तुमीच बघा. हितं एक आड एक धागा समदा एकदम उचलतोय. अक्षर पाडायचं म्हंजे मधलाच धागा तेवढा खाली दाबून धराय पायजे. धोटा कसा पळतोय बघा. हितं हात घालील कोण?”

आडवं सूत घेऊन पळणारा धोटा डोळ्यालाही दिसत नव्हता. अंबादासनं मागाभोवती दोन फेऱ्या मारल्या, खाली वाकून पाहिलं. लाकूड, लोखंड, सूत. जास्तीचं काहीच नाही.

“तुम्हाला वाचता येतं?”

“अंगठा हाय, सर.”

अकराला पाच कमी असताना हंबीररावही येऊन उभा राहिला. तिघं कापडाकडे टक लावून बघत होते. अकरा वाजले. अकरा पाच. सव्वाअकरा. कापड दुधासारखं कोरं येत राहिलं. अंबादासला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याचं थोडं वाईटही वाटलं.

“बघा दाजी,” हंबीरराव ओरडला. “तुमी हुबं हाय तर कसं ग्वाड आलंय! ह्यो चोरच हाय.”

 आकारामनं माग थांबवला आणि खाली गुंडाळलेलं कापड हातानं मागं मागं उलगडत नेलं. बराच वेळ. मग थांबला.

“सर, ह्ये तुमी यायच्या आदी इणलंय. धाच्या सुमाराला.”

उजेडात धरल्यावर एकच शब्द दिसला. ‘मोहरी’.

परतीच्या गाडीत अंबादासनं मनाची समजूत घातली. विमलानं घाई केली असणार. घड्याळ पुढं असेल.

घरी आला तेव्हा ती दारातच होती. “तुमचं काय काम झालं न्हाई बघा. पावणेअकराला लाईट गेली ती दोनला आली. मी आपली बसलो हुतो वाट बघत.”

“त्याच्याआधी यंत्र लावलं होतंस?”

“हातसुदा लावला न्हाई.”

“कुठला शब्द लिहिणार होतीस?”

“तसं काय ठरवलं नव्हतं. लाईट गेली तवा लोणच्याचं सामान काढून बसलो, तर म्हटलं, आली की हेच लिहू...”

“मोहरी,” अंबादास म्हणाला.

 विमलानं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला.

त्या संध्याकाळी त्यानं यंत्र खोललं. कारण विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. कुतूहल तर इतकं होतं, की बोटं वळवळत होती. पण शनिवार जवळ आला होता आणि एका माणसाची अकरा वर्षं त्या पेटीवर टांगलेली होती. चिपा एकेक उपटून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या. वायरी कापल्या. हंबीररावला निरोप पाठवला, की दोष माझ्या यंत्राचा होता, आता बंद केलंय. हंबीररावला त्यातलं काही कळलं नाही, पण दाजींचा शब्द त्यानं मोडला नाही. कापड स्वच्छ येऊ लागलं. आकाराम कामावर राहिला.

जून सरला. कॉलेज सुरू झालं.

जुलैत एके दिवशी दुपारी जिन्यात चपला वाजल्या. आकाराम होता. धुतलेला सदरा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं कापड.

“या आकाराम, आज सुट्टी का?” अंबादास म्हणाला.

“व्हय.” तो सतरंजीच्या कडेला टेकला. “सर, परवापास्नं पुन्यांदा यायलंय. मालकास्नी दावलं न्हाय मी. तेवढं कापून घ्येतलं. काय लिवलंय, सांगा की.”

अंबादासनं डब्याकडे पाहिलं. चिपा आत होत्या, झाकणावर धूळ होती. त्यानं कापडाचं टोक खिडकीशी धरलं.

पहिली ओळ होती, ‘या आकाराम, आज सुट्टी का’.

त्यानं ती पुन्हा वाचली. मान खाली घातलेल्या आकारामकडे पाहिलं.

“हे कधी विणलं म्हणालात?”

“परवा.”

दुसरी ओळ होती, ‘हे कधी विणलं म्हणालात’.

बाहेर तालमीसमोर पोरं फुटबॉल खेळत होती. चेंडू भिंतीवर आपटत होता. तिसरी ओळ वाचायच्या आधीच अंबादासच्या तोंडून निघून गेलं, “अजून किती आहे?”

‘अजून किती आहे’ तिथं होतं. फक्त त्याचंच बोलणं होतं. आकारामचं एक अक्षर नव्हतं.

“हितं हाय त्येवडंच,” आकाराम म्हणाला. त्यानं घडी हातानं चाचपली. “लिवलेलं आजून दीड वार भरंल. त्येच्या म्होरं मी लई इणलं सर, पर कोरंच हाय समदं.”

खालून विमलाचा आवाज आला. “अहो, च्या टाकलाय. साखर किती घालू पावण्यांस्नी?”

अंबादासनं तोंड उघडलं. मग घडीतल्या न वाचलेल्या दीड वाराकडे पाहून मिटलं. जिन्यापाशी जाऊन त्यानं खाली वाकून दोन बोटं दाखवली.