पन्नास घनमीटर हवा

परवाना खात्याच्या निरीक्षकांनी हीटरच्या कपाटाचं दार उघडलं आणि टॉर्चचा झोत आत टाकला. भिंतीतल्या चौकोनी जाळीवर प्लास्टिकचा पारदर्शक कागद होता. चारी बाजूंनी निळी चिकटपट्टी. मधोमध काळ्या मार्करनं लिहिलेला आकडा, सात.

"अक्षर तुमचंच ना?"

"माझंच," पंखेवाली म्हणाली.

"मग बोलायचं काय उरलं?" त्यांनी फाइलमधून टाइप केलेला कागद काढला. "चाचणीनंतर हा कागद काढायचा राहून गेला, एवढंच लिहिलंय. खाली सही करा. परवाना जाईल, पण पुढचं प्रकरण वाढू नये म्हणून मी शब्द टाकीन."

"सही करणार नाही."

"बाई, ऐका जरा."

"ऐकलं. सही करणार नाही."

धंद्यातले सगळे तिला पंखेवालीच म्हणत. घराच्या दारात मोठा पंखा बसवायचा, आतली हवा बाहेर फेकायची आणि घर कुठल्या फटींतून किती हवा आत ओढतंय ते मोजायचं, हे तिचं काम. बारा वर्षं ती तेच करत होती आणि बारा वर्षांत तिच्या आकड्याला कुणी बोट लावलं नव्हतं. आता तो परवाना आणि तिचं नाव, दोन्ही त्या एका कागदावर टांगलेलं होतं.

तीन आठवड्यांपूर्वी तिनं या घराची चाचणी केली. नंतर थंडी पडली आणि पाच दिवसांपूर्वी हंगामात पहिल्यांदाच हीटर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी देखभालीला येणारी सिस्टर नेहमीप्रमाणे कामावर आली तर खालच्या खोलीत म्हातारे घरमालक, गुरुजी, बेशुद्ध. हीटरला लागणारी ताजी हवा त्या चौकोनी जाळीतून येते. ती बंद, म्हणून गॅस नीट जळला नाही, आणि विषारी धूर गरम हवेच्या नळ्यांतून घरभर गेला. गुरुजींची खोली हीटरला चिकटून. ते वाचले ते सिस्टरमुळे. उद्या ते दवाखान्यातून घरी यायचे होते.

"मी दोनदा मोजते, आधी छतातल्या गरम हवेच्या झडपा उघड्या ठेवून, मग त्या झाकून," पंखेवाली म्हणाली. "अकरा झडपा, अकरा कागद, प्रत्येकावर नंबर. काढताना मोजून पिशवीत टाकते. वहीत अकरा खुणा आहेत. ही हीटरची जाळी मी कधी झाकतच नाही."

"खुणा काय, घरी बसूनही करता येतात."

"आणि माझ्या पट्टीला कान असतो."

"कान?"

"टोक दुमडून ठेवते, ओढायला सोपं जावं म्हणून. काढायचीच असते ना ती. ही बघा, चारी कडा बोटानं दाबून बसवल्यात. ज्यानं लावली त्याला ती काढायची नव्हती."

निरीक्षकांनी वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली, पण सहीचा कागद त्यांनी फाइलमध्ये परत ठेवला नाही.

बैठकीत पुतण्या आणि सिस्टर बसले होते. पुतण्या गुरुजींच्या थोरल्या भावाचा मुलगा, दोन वर्षांपासून वरच्या खोलीत राहायला. पंखेवालीला पाहताच तो उभा राहिला.

"हिला आत कशाला घेतलंत? माझ्या काकांच्या जिवावर उठलेली बाई ही."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. पण तिनं फक्त खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.

"त्या दिवशी कचऱ्याची पिशवी मी कुणाच्या हातात दिली होती?"

"माझ्या. मग? त्याच दिवशी बाहेरच्या डब्यात टाकली."

"हीटरचं कपाट कधी उघडलं होतंत?"

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

निरीक्षकांनी वहीत लिहीत विचारलं, "त्या रात्री तुम्ही घरातच होतात. तुम्हाला काहीच कसं झालं नाही?"

"नशीब. माझी खोली वर आहे, लांब. हीटर लागला, छान ऊब आली, तशीच झोप लागली. सकाळी सिस्टरच्या आरडाओरड्यानंच जाग आली."

"सिस्टर, गुरुजी आधी आजारी होते?"

"छे हो. उलट खुशीत होते." सिस्टरनं पदरानं डोळे पुसले. "हे घर त्यांच्या शाळेला वाचनालयासाठी द्यायचं ठरलं होतं. येत्या सोमवारी सह्या. कपाटं कुठं लावायची ते मला रोज सांगायचे. चाचणीच्या दिवशी बाईंच्या मागं मागं फिरून आकडे लिहून घेत होते."

ते पंखेवालीला पक्कं आठवत होतं. गुरुजींनी आयुष्यभर भूमिती शिकवलेली. "तुमचं यंत्र खोटं बोलतं का हो?" असं त्यांनी तिला विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, यंत्र नाही बोलत, माणसं बोलतात. गुरुजी खो खो हसले होते.

"मला अर्धा तास द्या," ती निरीक्षकांना म्हणाली. "पंखा गाडीत आहे."

"तुमचा परवाना स्थगित आहे."

"मग परवाना नसलेल्या बाईनं काय केलं ते लिहा तुमच्या वहीत. पण उद्या गुरुजी याच खोलीत झोपणार. ती खोली नीट आहे असं तुम्ही छातीवर हात ठेवून सांगाल?"

निरीक्षकांनी वहीचं नवं पान उघडलं. ती गाडीकडे निघाली.

पुढच्या दाराच्या चौकटीत तिनं लाल कापडाचा पडदा ताणला, त्याच्या भोकात पंखा बसवला, खिडक्या बंद केल्या. पंखा घरघरू लागला तसे आतल्या दारांचे पडदे हलले.

"त्या दिवशी झडपा उघड्या असतानाचा आकडा सोळाशे दहा," ती म्हणाली. "एवढे घनमीटर हवा हे घर तासाला ओढतं. अहवालात आहे, बघून घ्या. आता हा कागद जाळीवर आहे तसाच ठेवून मोजते."

यंत्राच्या पडद्यावर आकडा स्थिरावला. चौदाशे वीस.

"चुकलात ना," पुतण्या म्हणाला.

"थांबा की." तिनं कपाटातला कागद निरीक्षकांनाच काढायला लावला आणि पुन्हा मोजलं. पंधराशे साठ.

"कळलं का, साहेब? मी मोजलं तेव्हा ही जाळी उघडी होती. ती झाकलेली असती तर मला सोळाशे दहा मिळूच शकले नसते. आणि मोजून झाल्यावर ती झाकायचं मला काय कारण?"

निरीक्षक हळूच म्हणाले, "मग हा कागद नंतर लागला." त्यांनी तो उजेडात धरला. सातच्या आकड्याभोवती धुळीचं एक फिकट गोल कडं उमटलेलं होतं.

"छतातल्या झडपा गोल आहेत," पंखेवाली म्हणाली. "हीटरची जाळी चौकोनी. हा कागद आधी माझ्या चाचणीत वापरला गेला, मग पिशवीतून काढून इथं लावला."

"डब्यातून कुणीही काढला असेल," पुतण्या म्हणाला. "सिस्टर रोज डब्याजवळून जाते."

सिस्टरचा चेहरा उतरला. निरीक्षक तिच्याकडे पाहू लागले.

"तिच्याकडे बघू नका," पंखेवाली म्हणाली. "अजून माझे पन्नास हरवलेले आहेत."

"कसले पन्नास?"

"सोळाशे दहा हवेत, पंधराशे साठ आलेत. जाळी उघडली तरी घर अजून पन्नासनं घट्ट आहे. कुठंतरी पाणी मुरतंय म्हणतात ना, इथं हवा मुरतेय."

"अहो, पन्नासानं काय होतं? एवढ्या मोठ्या घरात?"

"तुमच्याकडे फाइल हरवली तर चालते? माझ्याकडे हवा हरवलेली चालत नाही."

तिनं धुराची कांडी काढली. पेन्सिलीएवढी नळी, टोकाला पांढऱ्या धुराचा बारीक धागा. पंखा चालूच होता. घराच्या छतातून जाणाऱ्या नळ्यांना जिथं फटी, तिथून बाहेरची हवा आत येत होती आणि झडपांतून खोल्यांत उतरत होती. बैठकीतल्या झडपेखाली धूर खाली फेकला गेला. स्वयंपाकघरात फेकला गेला. गुरुजींच्या खोलीत, न्हाणीघरात, जिन्यात, सगळीकडे तसंच. निरीक्षक मागं मागं फिरून प्रत्येक जागा लिहीत होते.

वरच्या खोलीच्या दाराशी पुतण्या आडवा उभा राहिला.

"माझी खासगी खोली आहे ही."

"चाचणीच्या दिवशी तुम्हीच दार उघडून दिलं होतंत," पंखेवाली म्हणाली. "बाजूला व्हा."

तो झाला नाही. निरीक्षकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा झाला.

तिनं स्टुलावर चढून कांडी झडपेखाली धरली. धुराचा धागा सरळ उभा राहिला. जागचा हलला नाही.

तिनं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, झडपेचे चार स्क्रू सोडवले आणि बोटानं आत चाचपलं. प्लास्टिकचा घट्ट दुमडलेला कागद ओढून काढला आणि उलगडला. त्यावर तिच्याच हातचा आकडा होता, तीन.

"आता सगळं सांगते," ती स्टुलावरूनच म्हणाली. "पिशवी यांच्या हातात गेली. त्यांनी ती डब्यात टाकली असेल, पण त्यातले दोन कागद काढून घेऊन. माझा नंबर असलेला कागद हीटरच्या जाळीवर लावला की खापर आपोआप माझ्यावर. गुरुजी गेले असते तर सोमवारच्या सह्या झाल्याच नसत्या आणि घर वारस म्हणून यांच्याकडे आलं असतं. पण त्या रात्री झोपायचं यांनाही याच घरात होतं. विषारी धूर नळीतून आपल्याही खोलीत येणार, म्हणून स्वतःची झडप आतून बुजवली. नंतर हीटरच्या जाळीवरचा कागद काढायची हिंमत नव्हती, तो माझ्याविरुद्धचा पुरावा होता. पण ही झडप उघडायला चार दिवस होते, आणि ती उघडली नाही. झाकणाआड दिसत नाही, म्हणून कळणार नाही असं वाटलं. डोळ्यांना नाही कळलं. पंख्याला कळलं."

"हे सगळं कल्पनेतलं आहे," पुतण्या म्हणाला. "थंडीत गार झोत येतो म्हणून बुजवली असेल कुणीतरी."

"गार झोत?" निरीक्षकांनी वहीची पानं मागं उलटली. "'हीटर लागला, छान ऊब आली, तशीच झोप लागली.' तुमचेच शब्द. या झडपेतून त्या रात्री ऊब आली कशी?"

पुतण्या पलंगावर खाली बसला.

"घराच्या कागदांवर माझं नाव असायला हवं होतं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी त्यांची उठबस केली."

"उठबस सिस्टरनं केली," पंखेवाली म्हणाली. "तुम्ही झडपा मोजल्या."

पोलीस येऊन त्याला मागच्या दारानं घेऊन गेले. सिस्टर खाली जिन्यात बसून हमसून रडत होती आणि मधेच हसत होती. तिला उद्यासाठी गुरुजींची खोली झाडायची होती.

निरीक्षकांनी घसा खाकरला. "ठीक आहे. तुमची स्थगिती उठवतो. झालं गेलं विसरून जा."

"विसरणार नाही. 'स्थगिती उठवली' असं लिहिलंत तर उद्या लोक म्हणतील, बाईला सोडून दिलं. 'चूक नव्हती' असं लिहा."

"त्यासाठी आकडा जुळायला हवा."

"जुळवून दाखवते की."

ती खाली आली आणि तिनं पंखा पुन्हा चालू केला. सोळाशे बारा.

"दोन जास्त आले," निरीक्षक म्हणाले.

"मागचं दार तुम्ही शेवटी लावलंत. जाऊन बघा."

ते गेले. मागच्या दाराची कडी अर्धवट बसली होती. त्यांनी खांद्यानं दार दाबून ती नीट लावली आणि परत येऊन यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. सोळाशे दहा.

तिच्यासाठी आणलेला टाइप केलेला कागद त्यांनी उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर उभ्याउभ्याच लिहिलं. तिनं तो दोनदा वाचला. मग पेन त्यांच्या हातात परत दिलं.

"सही राहिली," ती म्हणाली. "तुमची."