एकोणीस नंबरचा डबा

"माझं जेवणसुद्धा हल्ली जळकट लागतं," भांडारवाल्या बाई माझ्या कानाशी कुरकुरल्या.

त्यांचं चूक नव्हतं. आगीच्या जागेवरून आणलेली राख, लाकडाचे, कापडाचे तुकडे आमच्या कार्यालयात पत्र्याच्या डब्यांत सील करून ठेवतात. डबे त्यांच्या ताब्यात, अहवाल टाइप करणं माझ्याकडे. माझी शाळा अर्धवट राहिली, पण आग मला वाचता येते. अकरा वर्षं दुसऱ्यांचे अहवाल बडवून बडवून शिकले.

अपघातात माणूस पळतो. दाराशी सापडतो, नाहीतर खिडकीखाली. घशात काजळी असते, कारण शेवटपर्यंत तो श्वास ओढत असतो. आगीखाली झाकलेल्या खुनात माणूस पलंगावर सरळ पडलेला असतो, घसा स्वच्छ असतो, आणि आग लावणारा बहुतेक घरातलाच असतो. घरातला असल्यामुळे काय वाचवायचं ते त्याला बरोबर ठाऊक असतं.

एकोणीस नंबरच्या डब्यात ज्या घराची राख होती, तिथे नवऱ्याची प्रमाणपत्रं वाचली, टीव्ही वाचला, सासूच्या गोळ्या वाचल्या. पलंग आणि सून तेवढी जळली. घसा स्वच्छ. तरी साहेबांनी कारणाच्या रकान्यात 'अपघात' लिहून कागद माझ्यापुढे टाकला. मी घशाच्या ओळीवर बोट ठेवलं. ते म्हणाले, तुम्ही टाइप करा, डॉक्टर होऊ नका.

मी बोटं कळांवरून मागे घेतली. रागाने. फक्त साहेबांवरच्या नव्हे, स्वतःवरच्याही. हाच शब्द मी आजवर कितीजणींच्या नावापुढे मुकाट उमटवला होता, आणि वर चहाही प्यायले होते.

बाहेर बाकावर त्या सुनेचा भाऊ बसला होता. कागदावर सही झाली की चौकशी बंद, हे त्याला कळत होतं. रोज येऊन विचारायचा, "ताई, काही बदललं का?" आज माझ्यापुढचा कागद दारातूनच बघून तो बाकावर परतला.

फाइल बंद करण्याआधी घरच्या दोघांनी सीलवर हात ठेवून ते शाबूत असल्याची सही द्यायची, असा आमचा नियम. नवरा आणि सासू त्यासाठीच आले होते. भांडारवाल्या बाई डबा आणायला गेल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. डबा गरम आहे म्हणाल्या. सतरा दिवसांची राख गरम कशी असेल, खिडकीतून ऊन लागलं असेल, असं म्हणत मीच गेले. भांडाराला खिडकी नाही, हे आत गेल्यावर आठवलं.

अठरा गार होता. वीस गार होता. एकोणीस मी फडक्यात धरून आणला. त्याचं झाकण वाजत होतं. पत्रा तापला की फुगतो, मी स्वतःला बजावलं. टिक. जरा थांबून, टक. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं ते वर येत होतं, खाली जात होतं.

नवऱ्याने सीलला बोट लावल्यासारखं केलं, न बघता सही ठोकली आणि लवकर आटपा म्हणाला.

मग सासूने हात ठेवला.

टिक. टक.

साहेबांनी पंखा बंद केला. आवाज पंख्याचा नव्हता.

भाऊ दारात येऊन उभा राहिला. त्याच्याकडे कुणी बघेना.

सील शाबूत होतं. झाकणाची लय मात्र वाढली. धाप लागल्यासारखी.

"आई, हात काढ," नवरा म्हणाला.

तिने काढला नाही. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. आपल्याला कुणीतरी फसवलं, अशी चीड होती. ती मुलाकडे वळली. आवाज अगदी घरातला, रोजचा.

"तू तर म्हणालास नीट बघितलंय. आपण काडी लावली तेव्हा हिचा श्वास बंद होता ना?"