ताट ज्याचं त्याचं

दोन रेघा एकमेकींवर इतक्या तंतोतंत बसल्या होत्या, की उत्तराला आधी वाटलं, पडद्यावर एकच रेघ उमटली आहे.

तिने मुलांच्या तब्येतीचा आलेख मोठा केला. हिरवी रेघ खरी गोळी घेणाऱ्या मुलांची, करडी रेघ कोरी गोळी घेणाऱ्यांची. जूनमध्ये दोन्ही जमिनीलगत सरपटत होत्या आणि आता, ऑक्टोबरात, जोडीने टेकडी चढत होत्या. वसतिगृहातली मुलं भाकरी खात होती, उसळी खात होती, रात्री झोपत होती आणि सकाळी उठत होती. सगळीच. ज्यांना औषध दिलं होतं ती, आणि ज्यांना नुसत्या पिठाची रंगवलेली गोळी दिली होती तीही.

"अभिनंदन," मागून तिचे मार्गदर्शक डॉ. कुंभोजकर म्हणाले. "कॉलेज सुधारलंस आणि पीएचडी घालवलीस."

उत्तरा म्हेत्रे हसली नाही. सोमवारी निधी देणाऱ्या मंडळाची समिती सोलापुरात येणार होती. खऱ्या आणि कोऱ्या गोळीत फरक दिसला नाही, तर शेरा ठरलेला होता: गोळी निरुपयोगी. मग प्रयोग बंद, तिची तीन वर्षं पाण्यात आणि वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला पुन्हा कुलूप. त्याच्या जागी पूर्वीची पाकीटयंत्रं येणार. बटण दाबलं की कोमट नूडल्सची वाटी, दुसरं बटण दाबलं की जागरणाचं निळं पेय. जूनमध्ये ह्या मुलांचं रक्त तपासलं तेव्हा एकोणीस वर्षांच्या पोरांच्या यकृताचे आकडे पन्नाशीच्या माणसाचे निघाले होते. यंत्रं परत आली तर ते आकडेही परत येणार, ह्याबद्दल तिला शंका नव्हती.

"सर, ओढाणू पसरलाय."

"कसा पसरेल? ताटं वेगळी, चमचे वेगळे, पेले वेगळे. नियम तूच लिहिलेस." कुंभोजकरांनी स्टूल ओढलं. अडचण आली की त्यांची एक जुनी खोड होती. "पहिल्यापासून सांग. मी काहीच शिकलेलो नाही असं समज."

"आपल्या पोटात अब्जावधी जीवाणू असतात. त्यांना जे लागतं ते आपण खावं, म्हणून ते मेंदूकडे निरोप धाडतात."

"म्हणजे मला जिलबी खावीशी वाटते ती मला नाही?"

"तुम्हालाही वाटते, सर. पण मतदान एकट्याचं नसतं."

"पुढे."

"गोडावर जगणारे वाढले की गोडाची ओढ वाढते. गोड खाल्लं की ते आणखी वाढतात. हे चक्र उलटं फिरवायला आपण एक जीवाणू घडवला. तो जगतो ज्वारीच्या कोंड्यावर, डाळींच्या सालांवर. पोटात कोंडा आला की तो मेंदूला शाबासकी पाठवतो, आणि माणसाला पुन्हा भाकरी हवीशी वाटते. ओढ लावतो म्हणून ओढाणू."

"राहतो कुठे?"

"आतड्यात. आणि जिभेच्या मुळाशी." ती थांबली. "लाळेतून जाऊ शकतो, म्हणून तर ताटं वेगळी ठेवली."

कुंभोजकर उठले. "चल जेवायला."

"माझा डबा आहे, सर." बारावीपासून उत्तरा एकटीच जेवत आली होती. समोर पुस्तक, नंतरच्या काळात पडदा. वेळ वाचतो, हे तिचं म्हणणं.

"जेवायला नाही गं. बघायला."

*

*आजचा फळा*
*कडक भाकरी, शेंगाचटणी, मटकीची उसळ, ताक.*
*ताक दोनदा मागताना लाज वाटून घेऊ नये. तिसऱ्यांदा मागताना थोडी वाटावी.*

*

वसतिगृहाच्या जेवणघरात भिंतीवर तिचे नियम ठळक अक्षरांत होते. ताट ज्याचं त्याचं. चमचा ज्याचा त्याचा. पेला ज्याचा त्याचा. आणि मुलं ते पाळत होती. प्रत्येकापुढे नाव घातलेलं ताट होतं, कोणाचा हात शेजारच्या ताटात जात नव्हता.

हात शेजारच्या तोंडात जात होता.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातला सिद्धाराम हत्तुरे, जूनच्या तपासणीत सगळ्यांत काळजीचा निघालेला मुलगा, भाकरीचा तुकडा मोडत होता. अर्धा त्याने स्वतः खाल्ला, तीच बोटं चाटली, उरलेला अर्धा चटणीत बुडवला आणि श्रीनिवास बोद्धूलच्या तोंडात घातला. पलीकडच्या टेबलावर मुलींचंही तेच चाललं होतं.

"हे काय चाललंय?" उत्तराने विचारलं.

"जेवायलोय, मॅडम."

"त्याला का भरवतोयस? त्याला हात नाहीत?"

"हायत की. पण ते मला भरवण्यात गुंतल्यात."

"भिंतीवरचं वाचलंस?"

"पाठ हाय. ताट ज्याचं त्याचं. हे बघा, माझं माझ्यापुढं, त्याचं त्याच्यापुढं. घासाचं तुम्ही काय लिहिलंच नाही."

कुंभोजकर खोकला आल्यासारखं करून खिडकीकडे वळले.

"कधीपासून चाललंय हे?"

"आषाढीपासून असंल." सिद्धारामने बोद्धूलकडे पाहिलं.

"त्याआधी हा दार लावून खायचा, मॅडम," बोद्धूल म्हणाला. "वाटी गरम करायची, मोबाइल भिंतीला टेकवायचा. हाक मारली तर आतून 'मी मेलोय' म्हणायचा."

"मग एकाएकी काय झालं?"

सिद्धाराम खरोखर विचारात पडला. "एकट्यानं खाल्लं की बरं वाटंना झालं. पोट भरतंय, पण कायतरी राहिल्यागत. ह्याला एक घास दिला की मग गोड लागतंय. तुम्ही घ्या की एक."

"नको. मी प्रयोगाबाहेरची आहे."

"एकच."

"नको रे."

"मग अर्धा."

उत्तराने दोन्ही हात पाठीमागे घेतले. घास हवेतच राहिला, आणि सिद्धारामचा चेहरा असा उतरला, की नापास झाल्यावरही एवढा उतरत नसेल. ती गोष्ट तिला बोचली. आणि थोड्या वेळाने, जिना चढताना, संशयास्पद वाटली.

*

सर्दीही तशीच फिरली होती. ऑगस्टच्या आलेखात ती स्वच्छ दिसत होती, फक्त उत्तराने ती हवेवर ढकलली होती.

*

उत्तरा: गोळीतला ओढाणू आणि मुलांच्या जिभेवरचा ओढाणू एकच नाहीत, सर.

कुंभोजकर: किती वेगळे?

उत्तरा: एकच जनुक बदललंय. पण बघा कुठलं. शाबासकी कधी पाठवायची, ते ठरवणारं.

कुंभोजकर: मूळचा कोंडा मिळाल्यावर पाठवतो.

उत्तरा: हा कोंडा मिळाल्यावर पाठवतोच. शिवाय आणखी एकदा पाठवतो. आपण दुसऱ्याला मायेने भरवतो तेव्हा लाळेत एक संप्रेरक वाढतं. मूळ ओढाणूला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. ह्याला आहे. त्याची चाहूल लागली की हा दुप्पट शाबासकी पाठवतो.

कुंभोजकर: आपण नाही घातलं हे.

उत्तरा: कोणीच नाही घातलं. हजारो पिढ्या गेल्या त्याच्या इथे. दर पिढीत थोडे वेगळे निपजणार. ज्याचा माणूस गपचूप एकटा जेवतो, तो त्या एका तोंडातच संपला. ज्याचा माणूस चार जणांना भरवतो, तो चार तोंडांत गेला. मग उरणार कोण?

कुंभोजकर: आग्रह करायला लावणारा.

उत्तरा: हो.

कुंभोजकर: म्हणजे तो पोरगा तुला घास घे म्हणत होता, तेव्हा...

उत्तरा: मतदान चाललं होतं, सर.

(कुंभोजकर हसू लागतात, आणि त्यांना ते आवरत नाही.)

*

*आजचा फळा*
*समिती येणार आहे. सर्वांनी चेहरे धुऊन यावे.*
*समितीला भरवू नये. (उत्तरा मॅडमची विनंती. आम्हाला मान्य नाही, पण पाळू.)*

*

समितीतले दोघे पडद्यावरून हजर होते. अध्यक्षीण बाई मात्र नंदुरबारहून स्वतः आल्या. डॉ. सुनंदा वळवी. सूक्ष्मजीवशास्त्रात त्यांचं नाव मोठं, आणि प्रयोग बंद करण्याबद्दलची ख्याती त्याहून मोठी. काखेत स्टीलचा डबा होता. फाटकापासून प्रयोगशाळेपर्यंत भेटेल त्याच्या हातावर त्या मोहफुलांचा एकेक लाडू ठेवत आल्या. शिपाई झाला, ड्रायव्हर झाला, मधुमेह आहे म्हणणारे ग्रंथपालही सुटले नाहीत.

"आधी लाडू, मग दोष," त्या उत्तराला म्हणाल्या.

"नंतर खाते, मॅडम." उत्तराने लाडू कागदावर ठेवला आणि लगेच बोलायला सुरुवात केली, कारण थांबली असती तर धीर सुटला असता. तिने काही लपवलं नाही. खऱ्या आणि कोऱ्या गोळीत फरक नाही. ओढाणू घासाघासाने पसरला. पसरताना बदलला. तिने नव्याने बनवलेली लाळपट्टी दाखवली. जिभेला लावायची आणि तिच्या दोन खिडक्या बघायच्या. डावी निळी झाली तर ओढाणू ह्याच प्रयोगशाळेचा, कारण घडवताना त्यात एक ओळखखूण घातलेली होती. उजवी निळी झाली तर त्यात भरवण्याचा गुण आलेला. वसतिगृहातल्या प्रत्येक मुलाच्या दोन्ही खिडक्या निळ्या होत्या.

"म्हणजे मुलं सुधारली, पण कशाने ते तुला सिद्ध करता येत नाही," वळवीबाई म्हणाल्या.

"नाही येत."

"तुलनेला कोरा माणूस दाखव."

"वसतिगृहात उरलाच नाही, मॅडम."

"मग मी आहे की. सकाळी थेट आले, तुमच्याकडचं पाणीही प्यायले नाही. आण ती पट्टी."

त्यांनी पट्टी जिभेला लावली आणि टेबलावर ठेवली. डावी खिडकी पांढरी राहिली. उजवी हळूहळू निळी होत गेली.

"पट्टी बिघडली असेल," उत्तरा म्हणाली. दुसरी पट्टी. पुन्हा तेच. कुंभोजकरांनी न सांगता जीभ बाहेर काढली. डावी पांढरी, उजवी निळी.

पडद्यावरच्या दोघांपैकी एकाने विचारलं, काही तांत्रिक अडचण आहे का.

"हा आमचा ओढाणू नाही," उत्तरा म्हणाली. "खूण नाही त्याच्यात. पण गुण तोच आहे."

वळवीबाईंनी चष्मा काढला. "तुझा जीवाणू हा गुण का शिकला?"

"कारण भरवणारा माणूस मिळाला तरच तो पुढे जातो."

"किती दिवसांत शिकला?"

"एका पावसाळ्यात."

"आणि माणसं एकमेकांना कधीपासून भरवतात?"

उत्तराच्या हातातली पट्टी तशीच राहिली. बाळाचा घास आधी स्वतःच्या तोंडात मऊ करणाऱ्या आया. एका परातीभोवती बसलेली घरं. पंगतीत नको नको म्हणणाऱ्याच्या पानात जिलबी टाकून पुढे पळणारे वाढपी. जे एका पावसाळ्यात घडतं, ते हजारो वर्षांत घडलं नसेल?

जनुकं वाचणाऱ्या यंत्राला खात्री करायला तास लागला. वळवीबाईंच्या जिभेवरचा जीवाणू कोंड्यावरच जगणारा होता, दूरच्या नात्यातला, आणि इतका जुना, की त्याच्या वयाचा अंदाज यंत्राने शतकांत दिला. तोवर डबा रिकामा होत आला होता.

"म्हणजे ओढाणूने नवीन काहीच शोधलं नाही," उत्तरा म्हणाली. "वाट आधीच पडलेली होती. तो नुसता येऊन मिळाला."

"आणि आम्ही आजवर त्याला संस्कार म्हणत होतो," कुंभोजकर म्हणाले.

"संस्कारच तो," वळवीबाई म्हणाल्या. "फक्त कोणी कोणावर केला, तेवढं नव्हतं माहीत. ही तुमची पोरं बंद पाकिटांवर वाढली. त्यांच्यापर्यंत तो पोचलाच नाही. तुझ्या गोळीने तो पुन्हा आला, पण गोळीशिवायही आला असता. एक स्वयंपाकघर आणि एक आग्रही माणूस, बास होतं." त्यांनी चष्मा परत लावला. "शेरा लिहिते. गोळी निरुपयोगी."

उत्तराने मान हलवली. हे अपेक्षितच होतं.

"दुसरा शेरा. स्वयंपाकघर उपयोगी. बंद करायचं नाही. शिवाय आणखी चार वसतिगृहांत सुरू करायचं, गोळीविना. अर्ध्यांनी एकटं जेवायचं, अर्ध्यांनी मिळून. प्रबंधाचं नाव बदल आणि हे मांड. आहे कबूल?"

"आहे," उत्तरा म्हणाली.

"पण पट्टी पारखायला एक तरी पक्का कोरा नमुना लागेल. असं माणूस आहे का कोणी, वर्षानुवर्षं एकटं जेवणारं?"

कुंभोजकरांनी छताकडे पाहिलं. उत्तराने स्वतःच पट्टी उचलली आणि जिभेला लावली. दोन्ही खिडक्या पांढऱ्या राहिल्या. एरवी कोऱ्या नमुन्याचा तिला अभिमान वाटला असता. आता त्या दोन पांढऱ्या चौकोनांकडे बघताना तिला उगाच दार लावलेली खोली आठवत राहिली.

वळवीबाईंनी डब्यातला शेवटचा लाडू घेतला, अर्धा स्वतः खाल्ला आणि उरलेला पुढे धरला. "घे."

"एक मिनिट, मॅडम."

तिने कापसाच्या तीन काड्या जिभेच्या मुळाशी फिरवल्या, तीन नळ्यांत बंद केल्या, प्रत्येकीवर स्वतःचं नाव आणि 'कोरा' असं लिहिलं, नळ्या शीतपेटीत ठेवल्या आणि पेटीचा आकडा उणे ऐंशीवर स्थिर होईपर्यंत थांबली. मग परत येऊन वळवीबाईंसमोर उभी राहिली.

"नको," ती रीतीप्रमाणे एकदा म्हणाली, आणि तिने आ केला.