न ओढलेला हँडब्रेक

"मीच विसरलो," ड्रायव्हरकाका म्हणाले. "हँडब्रेक ओढायचा राहिला. घाला बेड्या."

फौजदार तयारच होता. काल दुपारी तीनला छापखान्याच्या उतारावरून मालकांची नवी गाडी घरंगळली आणि खाली मालाच्या धक्क्यापाशी पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मालकांचे दोन्ही पाय भिंतीशी चिरडून थांबली. मालक रोज त्याच वेळी तिथं उभे असत. गाडीत कुणी नव्हतं. आरोपी स्वतःच कबूल करतोय म्हटल्यावर आणखी काय हवं?

"बेड्या राहू द्या," विमा कंपनीच्या तपासनीस बाई म्हणाल्या. घाईनं मिटवलेल्या प्रकरणांचा त्यांना भारी तिटकारा. "काका, गाडी ठेवलीत कशी?"

"न्यूट्रलमध्ये. इंजिन बंद केलं, कुलूप लावलं, डबा खायला गेलो. चौघं होते सोबत."

"चावी?"

"खिशात. अजून आहे."

क्रेनवाला गाडी न्यायला आला होता. त्याला बाईंनी गाठलं.

"काल लोकांनी हातानंच ढकलून मालकांना सोडवलं," तो म्हणाला. "आत कुणी शिरलं नाही. आज बघतो तर बॅटरी पार मेलेली. चाकं मात्र मोकळी."

"काका, हँडब्रेक दाखवा."

काकांचा हात सवयीनं दोन सीटांच्या मध्ये गेला आणि तिथंच चाचपडत राहिला. दांडा नव्हताच. नखाएवढं एक बटण होतं.

"तीस वर्षं दांडा ओढला हो," ते ओशाळून म्हणाले. "महिना झाला ही गाडी येऊन. या बटणाचं काही डोक्यात शिरत नाही."

बाई उतार चढून वर गेल्या. वरच्या टोकाला, भिंतीकडेला एक लाकडी पाचर पडली होती. कागदाची रिळं लोळू नयेत म्हणून खाली सारतात तसली. तिला पॅकिंगची लांब पट्टी बांधलेली होती आणि अंगावर टायरचा काळा वळ होता. बाईंनी ती पिशवीत टाकली.

आत कटर मशीनच्या पात्यापुढं हात वाचवणारी पिवळी जाळी होती, मशीनच्या मानानं बरीच नवी.

"ही कधी बसवली?"

काकांनी मान खाली घातली. "तीन वर्षांपूर्वी कटरवाला यात सापडून गेला, त्यानंतर. जाळी लावायला विसरला होता. तसा जबाब झालाय."

"कुणाचा?"

"माझा."

स्टोअरच्या खिडकीत त्या कटरवाल्याची बायको बसली होती. नवऱ्याच्या जागी लागलेली. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"गाडीची दुसरी चावी कुठं असते?"

"माझ्या कपाटात."

"काल कुणी नेली?"

"कुणाची छाती आहे? माझ्या सहीशिवाय इथून टाचणी हलत नाही."

"गाडी आली तेव्हा ते बटण कुणाला समजावलं होतं?"

"आम्हा दोघांना. काका जांभया देत होते. मी लिहून घेतलं."

"काल तीनला कुठं होतात?"

"वर. रिळं उतरत होती, ती बघत होते."

बाईंनी फौजदाराला आणि काकांना खिडकीपाशी बोलावलं.

"काका, तुम्ही विसरलात म्हणता, पण या गाडीत विसरायची सोयच नाही. इंजिन बंद केलं की ती मागचे ब्रेक स्वतः आवळते. कुलूप लागलं, म्हणजे गाडी नीट बंद होती आणि ब्रेकही लागलेला होता. तो सोडवायचा तर कुणीतरी चावी घेऊन आत बसायला हवं, इंजिन न लावता नुसती वीज चालू करून, ब्रेकवर पाय देऊन बटण दाबायला हवं. आणि मग गाडी बंद केली की ब्रेक परत आवळणार! म्हणून तिनं ती बंद केलीच नाही. रात्रभर बॅटरी खात राहिली."

"तिनं?" फौजदार दचकला.

"काकांची चावी खिशात. दुसरी हिच्या सहीशिवाय हलत नाही, असं हीच म्हणते." बाईंनी पाचर खिडकीत ठेवली. "आधी ही चाकाखाली सारली, मग ब्रेक सोडला. मालक खाली उभे राहिले, तशी पट्टी ओढली."

स्टोअरवाली रडली नाही. "मेला का?"

"नाही. पाय गेले."

"बरं झालं. मेला असता तर सुटला असता. आता बसू दे आठवत." ती काकांकडे वळली. "आणि काका, माझा माणूस विसरला म्हणालात. तीन वर्षं ऐकतेय. सासू म्हणते विसरला, शेजारीण म्हणते विसरला, परवा माझी पोरगी म्हणाली, बाबा विसरले ना गं? म्हटलं, तुम्हालाही एकदा लोकांनी तेच म्हणावं. एकच दिवस झाला. कसं वाटलं?"

काकांनी स्टूल ओढून खिडकीपाशी घेतलं.

"बाई, लिहा," ते म्हणाले. "जाळी मालकांनी काढायला लावली होती, काम लवकर उरकावं म्हणून. माझ्यादेखत. तो नको म्हणत होता. नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो. तो विसरला नव्हता."

बाईंनी नवं पान काढलं आणि शब्द न् शब्द उतरवून घेतला.

फौजदार पुढं सरकला. स्टोअरवालीनं कमरेचा जुडगा सोडून खिडकीत ठेवला, आतून पेन उचललं आणि काकांपुढं धरलं.

"थांबा जरा, साहेब," ती म्हणाली. "आधी त्यांची सही होऊ दे."