अण्णांची थंडी

दिवे गेलेत तर गेलेत, बोंबलू नका. गच्चीवर वारा आहे, बसा गुमान. गोष्ट हवीय ना? मग मध्ये मध्ये तोंड घालायचं नाही. चष्मिस, तुला विशेष सांगतोय.

भुताबितांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण हे माझ्या सख्ख्या मेहुण्याच्या बाबतीत घडलंय. म्हणजे तुमच्या काकूचा धाकटा भाऊ. फ्रिज, एसी दुरुस्त करतो. कामाला निघायला तासभर लावतो म्हणून आम्ही त्याला थंडोबा म्हणतो. थापा मारणं त्याच्या रक्तात नाही. थापा मारायलाही डोकं लागतं.

मोठ्या दवाखान्याच्या मागे लसींचं कोठार आहे. मी लसीची गाडी चालवायचो तेव्हा रोजचं जाणंयेणं. अख्खी खोली म्हणजेच एक फ्रिज समजा. जाडजूड भिंती, तिजोरीसारखं दार, आत फळ्यांवर खोकीच खोकी. थंडी किती ठेवायची? दोन अंशांच्या खाली नाही, आठच्या वर नाही. लोकांना वाटतं लस गरमीनेच बिघडते. बिघडतेच. पण काही लसी गोठल्या की त्याहून वाईट. पुन्हा वितळल्या की वरवर बघणाऱ्याला काही कळत नाही; जाणता माणूस कुपी हलवून बघतो, तेव्हा कुठे कळतं. सिस्टर टोचते, पोर रडतं, आई निर्धास्त घरी जाते... आणि पोराला त्याचा उपयोग शून्य.

तर मागच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मे महिन्यातला शेवटचा रविवार, रात्री पावणेअकरा. अमावास्या नव्हती, उगाच एकमेकांकडे बघू नका. टिपूर चांदणं पडलं होतं. थंडोबा जेवून आडवा झाला होता, शेजारी दीड महिन्याची मुलगी. फोन वाजला. कोठाराचा वॉचमन.

"साहेब, भोंगा वाजतोय. आकडा खाली खाली चाललाय. कोठारवाल्या बाई रजेवर आहेत. लगेच या हो!"

दुसऱ्या दिवशी लस टोचायचा वार. थंडोबाची पोरगीही त्याच रांगेत असणार होती. त्या रात्री मात्र गडी अंगातल्या हाफ शर्टावरच पळाला.

तिथे पोचला तर लाइट गेलेली, मागच्या अंगणात जनरेटर धडधडतोय. बाहेरच्या पाटीवर आकडा दोनच्या खाली आलेला, आणि मशीन काही थांबायला तयार नाही. त्याच्या लक्षात आलं, मशीनला 'पुरे' म्हणून सांगणारा भाग अडकलाय. पण बाहेरच्या आकड्यावर त्याचा भरवसा नव्हता. आतल्या फळीवर थर्मामीटर टांगलेला असतो, तो आधी बघायचा आणि मग मशीनला हात लावायचा, अशी त्याची पद्धत.

त्या खोलीचा एक नियम आहे. एक जण आत गेला की एक जण बाहेर दाराशी. पण वॉचमन म्हणाला, "साहेब, डिझेल संपत आलंय, पंपावरून घेऊन येतो. अर्ध्या तासात आलोच." आणि गेला सायकल काढून. आकडा घसरत होता, थांबतो कोण! थंडोबाने हत्यारांची पिशवी दाराच्या फटीत ठेवली आणि शिरला आत.

चार पावलं टाकली असतील.

मागे पिशवी सरकल्याचा आवाज झाला. मग दार. धप्प.

मग बाहेरचं बटण... खट्. आतला दिवा गेला.

काय रे, चष्मिस? होता, मोबाईल होता. पण त्या भिंतींतून रेंज आत शिरत नाही. उजेडाला तेवढा कामाचा. थंडोबाला वाटलं, वॉचमन चेष्टा करतोय. दोन शिव्या हासडल्या. तरी तो घाबरला नव्हता, कारण दाराला आतून एक गोल मूठ असते. ती ढकलली की दार उघडतं. त्याने दारावर उजेड मारला.

मुठीवर चिकटपट्टी होती. आडवी, उभी, परत आडवी. मुठीच्या मागे थर्मोकोलचे तुकडे ठासून भरलेले. मूठ जागची हलेना.

आता तुम्हाला अण्णांबद्दल सांगायला हवं. अण्णा म्हणजे त्या कोठाराचे जुने राखणदार. तीस वर्षं त्यांनी ती थंडी पोटच्या पोरासारखी सांभाळली. त्या मुठीच्या फटीतून थंडी बाहेर झिरपायची, दाराला बाहेरून दव धरायचं. अण्णांना ते बघवेना. त्यांनीच स्वतःच्या हाताने मुठीमागे थर्मोकोल कोंबला, वर पट्टी मारली. एका रात्री ते एकटेच आत होते आणि दार मिटलं... सकाळी दार उघडलं तेव्हा दाराला पाठ लावून बसलेले होते. गेलेले.

त्यानंतर नवी मूठ बसवली ती थंडोबानेच. घट्ट, बिनफटीची. तिला कोणी हात लावला नव्हता. मग ही पट्टी...?

विचार करायला वेळ नव्हता. थर्मामीटर एकावर आला होता. हत्यारं बाहेर. त्याने नखांनी पट्टी सोलली. सगळी. थर्मोकोल काढायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून मोबाईल खाली ठेवायला वाकला, वर बघितलं...

पट्टी होती.

आडवी, उभी, परत आडवी. कडा अंगठ्याने नीट दाबलेल्या.

पुन्हा सोलली. या वेळी नजर हटवली नाही. पापणी लवली तेवढीच... पट्टी.

दात वाजायला लागले. बोटं बधिर. त्याने दार बडवलं, ओरडला, घसा बसला. बाहेर जनरेटरची धडधड. ऐकणार कोण?

थंडीने मोबाईलही गेला.

काळोख.

तरी तो सोलत राहिला. चाचपत. नखातून रक्त आलं. पट्टी निघाली. मुठीवर हात ठेवला...

आणि कानाशी आवाज आला. गुंडाळीतून पट्टी ओढल्याचा. चर्रर्र...

त्याच्या हातावर पट्टी बसली. मुठीसकट. आणि एक अंगठा... शांतपणे... त्याच्या बोटांवरून पट्टी दाबत गेला. या कडेपासून त्या कडेपर्यंत.

...

थंडोबा मला सांगताना इथे थांबला होता. पाणी प्यायला. मग म्हणाला, "दाजी, मी ओरडलो नाही. फक्त एवढं कळलं की हा माणूस माझ्यावर चिडलेला नाही. तो त्याचं काम करतोय. थंडी जाऊ देत नाहीये."

मग थंडोबा बोलला. हळू. मोठ्या माणसाशी बोलावं तसा.

"अण्णा... थंडी जात नाहीये हो. उलट जास्त झालीय. मशीन थांबत नाहीये. लस गोठेल, अण्णा. उद्या पोरं येणार. माझी पण येणार आहे. दीड महिन्याची आहे. मला बाहेर जाऊन मशीन बंद करू द्या... तुम्हीच बघा. हात लावून बघा."



मग मागच्या फळीवर खोकं उघडल्याचा आवाज. काचेवर काच. कोणीतरी कुपी उचलली. हलवली. थांबलं. दुसरी उचलली. हलवली.



कुपी जागेवर गेली. खोकं बंद झालं.

आणि त्याच्या हातावरची पट्टी निघायला लागली. हळूहळू. एका कडेने. बोट दुखू नये अशी.

मुठीमागचा थर्मोकोल भुरभुरत खाली पडला, दार उघडलं. थंडोबा बाहेर पडला तो रांगतच, आणि रांगतच त्याने मशीनचं बटण खाली ओढलं. पाटीवर आकडा होता अर्धा. अर्धा अंश पोरांनो, शून्याला टेकायला एवढंसंच राहिलं होतं. सकाळी बाईंनी रजा सोडून येऊन सगळा माल तपासला. एकही कुपी गोठली नव्हती. दुपारपर्यंत पोरंच पोरं रडत होती तिथे. त्यात आपलीही एक.

पण ते सकाळचं. रात्री वॉचमन डिझेल घेऊन आला, तेव्हा थंडोबा फरशीवर भिंतीला टेकून बसला होता. वॉचमनने टॉर्च मारला आणि म्हणाला, "साहेब, एवढ्या उकाड्यात स्वेटर कुठून काढलात?"

थंडोबाने खाली बघितलं. अंगात करडा स्वेटर होता. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली.

दोन दिवसांनी तो स्वेटर घेऊन आम्ही दोघं अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने स्वेटर मांडीवर घेतला, बाही उलटी केली, कोपरापाशी बोट फिरवलं.

"हे रफू माझ्या हातचं. करडी लोकर संपली म्हणून इथे निळी घातली होती."

मग तिने बाही परत सुलटी केली.

"पण हा तर... त्यांना स्मशानात नेलं तेव्हा मी त्यांच्या अंगावरच ठेवला होता. थंडी वाजू नये म्हणून."