पाचवा भिडू

‘गडकोट’ हा खेळ बनवणाऱ्या कंपनीची वर्तन प्रयोगशाळा नागपूरबाहेर, वर्धा रस्त्यावरच्या एका काचेच्या इमारतीत होती. डॉ. शाल्मली धोंगडे तिथे मानसशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाली तेव्हा तिला एकच काम सांगण्यात आलं होतं: खेळाडू आपल्याच भिडूंना इतक्या शिव्या का देतात, ते शोधायचं.

गडकोट साऱ्या देशात खेळला जायचा. पाच अनोळखी माणसांनी गड राखायचा, दुसऱ्या पाच जणांनी तो घ्यायचा. डोळ्यांवर दृष्टिपट चढवला की शेजारी भिडू उभे दिसत, कानात त्यांचे आवाज येत. कोण कोणाच्या संघात जाणार, ते जुळणीयंत्र ठरवी. भिडू निवडायची मुभा नव्हती आणि सामना अर्ध्यावर सोडला की चार दिवस खेळायला बंदी. त्यामुळे एखादा महादरवाजा उघडा टाकून तटावर हिंडत बसला, एखादा कुणाला न सांगता एकटाच शत्रूवर धावून गेला, तरी बाकीच्यांना शेवटपर्यंत त्याच्यासोबत राहून हरावं लागे. हरताना माणसं जे बोलत ते शाल्मली दिवसभर ऐकत असे. घरी गेल्यावर तिला टीव्हीचाही आवाज नकोसा व्हायचा.

एका दुपारी परभणीहून संजीवनी घुले नावाची एक परिचारिका धाकट्या भावाला घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. कंपनीच्या तक्रार विभागाने तिला दाद दिली नव्हती. भावाचं नाव विश्वंभर. वय तिशीच्या आतलं, उंच, खांदे पुढे आलेले. बसताना खुर्ची करकरली तसा तो पुटपुटला, “माफ करा.”

“हा असा नव्हता, मॅडम,” संजीवनी म्हणाली. “तंत्रनिकेतनात शिकवायचा. सगळा वर्ग एका आवाजात गप करायचा. आता दूधवाला उशिरा आला तर हाच त्याला माफ करा म्हणतो. नोकरी सोडून दिली. म्हणे, माझ्यामुळं पोरं नापास होतील.”

“खेळ बंद करून पाहिला?”

“बंद करतोय कुठं? दृष्टिपट काढून घेतला तर जेवण सोडलं.”

“नीट खेळायला लागलो की सोडणार आहे, मॅडम,” विश्वंभर खाली बघत म्हणाला. “दरवेळी चार जणांचं वाटोळं होतं माझ्यापायी. तेवढं एकदा सुधारलं की झालं. तुम्हाला उगाच त्रास दिला ताईनं.”

शाल्मलीने ओळखलं, की हा काही नेहमीचा व्यसनी खेळाडू नव्हे. तिने दोघांना खालच्या उपाहारगृहात बसवलं आणि इम्तियाज मुल्लाला हाक मारली. इम्तियाज मूळचा मिरजेचा. जुळणीयंत्र त्यानेच उभं केलं होतं. दोघांनी मिळून विश्वंभरचे जुने सामने पडद्यावर पाहायला सुरुवात केली.

पहिल्या सामन्यात विश्वंभरने दरवाजा एकट्याने लावून धरला होता. बाकीचे चौघे खजिन्यामागे पळाले, गड पडला, आणि चौघांनी मिळून त्याची आई-बहीण काढली. त्यावर विश्वंभरचा आवाज आला, “चुकलं माझं. मी आधी हाक मारायला हवी होती.” दुसऱ्या सामन्यात तेच झालं. तिसऱ्यातही.

“हा तर चांगला खेळतो,” शाल्मली म्हणाली. “मग हा सारखा हरतो कसा?”

 इम्तियाज यंत्राचे जुने अंदाज चाळू लागला. मग त्याने खुर्ची मागे सारली.

“सामना सुरू होण्याआधीच यंत्राला अंदाज असतो, कुठला संघ हरेल,” तो म्हणाला. “विश्वंभर जवळजवळ दरवेळी त्याच संघात टाकला गेलाय. मुद्दाम.”

“तू असं करायला सांगितलं होतंस?”

“मी यंत्राला एकच गोष्ट सांगितली होती. आज खेळलेला माणूस उद्या परत आला पाहिजे. कसं, ते त्याचं त्यानं शोधायचं होतं. शाल्मली, हरलेली माणसं खेळ सोडत नाहीत गं. आपण वाईट खेळलो असं ज्याला वाटतं, तो सोडतो. प्रत्येक सामन्यात पाच जण तर हरणारच. त्यातल्या एकानं सगळं आपल्या अंगावर घेतलं, की उरलेले चौघे दुसऱ्या दिवशी हजर.”

“आणि तो एक?”

“लहानपणी आमच्या गल्लीत लपाछपी चालायची. एका पोरावर सारखं राज्य आलं की ते रडत घरी जायचं आणि खेळ मोडायचा. पण एखादं पोर असं असतं, की दहा वेळा राज्य आलं तरी घरी जात नाही. त्याच्या जिवावर सगळ्यांचा खेळ रंगतो. यंत्र वाईट खेळाडू शोधत नाही. अशी पोरं शोधतं. माफी मागतो, पण खेळ सोडत नाही, असा माणूस.”

यंत्राने अशा माणसांचा वेगळा गटच केला होता. त्याला नाव नव्हतं, नुसता एक क्रमांक होता. शाल्मलीने त्यांना दोषधारक म्हणायला सुरुवात केली. देशभरात ते हजारोंच्या संख्येने होते. ते जितके हरत, तितकी त्यांची खात्री पटे, की आपल्यातच खोट आहे. जितकी खात्री पटे, तितकी ते माफी मागत. आणि जितकी माफी मागत, तितके ते यंत्राच्या कामाचे ठरत.

शाल्मली खाली गेली. तिने भावाबहिणीला सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. विश्वंभरने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं, आणि मग अगदी हळू म्हणाला, “पण मॅडम, हरलेल्या प्रत्येक संघात मी होतोच ना?”



कंपनीच्या संचालकांपुढे शाल्मलीने विषय मांडला. दोषधारकांना हरणाऱ्या संघात टाकणं थांबवा, असं तिचं म्हणणं होतं. संचालकांनी इम्तियाजकडून आकडे मागवले. दोष उचलायला कुणी नसेल तर खेळाडू झपाट्याने गळतील, असं यंत्राचं भाकीत होतं. संचालक म्हणाले, खेळच बंद पडला तर तुमचे दोषधारक जाणार कुठे?

त्याच बैठकीत शाल्मलीच्या डोक्यात ती कल्पना आली. नंतर तिने स्वतःला पुष्कळदा विचारलं, की आपण तेव्हा गप्प बसलो असतो तर? पण त्या वेळी तिला ती कल्पना निर्दोष वाटली होती.

“दोष घ्यायला माणूसच कशाला पाहिजे?” ती म्हणाली. “पाचवा भिडू यंत्राचा ठेवा. तो बोलेल, चुकेल, माफी मागेल. त्याला शिव्या दिल्या तर दुखणार कुणाला?”

महिन्याभरात कृत्रिम भिडू तयार झाले आणि हरणाऱ्या बहुतेक संघांत पाचव्या जागी खेळू लागले. ते कुठलाही आवाज काढू शकत. धाप लागल्यासारखे थांबत, अडखळत. ते कधी कुणाला दोष देत नसत, कारण त्यांचं कामच दोष घेण्याचं होतं. एक अट मात्र इम्तियाजला पाळावी लागली: ते यंत्र आहेत हे कुणाला कळता कामा नये. यंत्रावर खापर फोडून माणसाचं समाधान होत नाही, तो कंपनीवर चिडतो. म्हणून ‘तू माणूस आहेस का’ असं विचारलं, तर ‘हो’ म्हणायला कृत्रिम भिडू आपणहून शिकले.

माणसांच्या दोषधारकांना आता इतरांसारखेच संघ मिळू लागले. विश्वंभर जिंकू लागला. दोन महिन्यांनी संजीवनीचा फोन आला. तो पुन्हा तंत्रनिकेतनात जाऊ लागला होता. “परवा चहात साखर कमी पडली म्हणून माझ्यावर करवादला, मॅडम,” ती हसत म्हणाली. “इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.” त्या संध्याकाळी शाल्मलीने इम्तियाजला जेवायला नेलं.

गुपित फुटायला वर्षही लागलं नाही. कंपनी सोडून गेलेल्या एकाने ते जाहीर करून टाकलं. संचालकांनी इन्कार केला, पण खेळाडूंनी हवं ते उचललं: माफी मागतो तो बाहुला. खेळाडूंनी ठेवलेलं हेच नाव रुळलं.

गळती होईल अशी सगळ्यांना भीती होती. झालं उलटंच. लोक जास्त येऊ लागले. पूर्वी कुणी फार बोललं तर संघातला एखादा तरी म्हणायचा, ‘अरे जाऊ दे, असेल बिचारा नवीन.’ आता तसं कुणी म्हणेना. बाहुल्याला काहीही बोलावं, त्याला कुठे लागतंय? दिवसभराचा सगळा राग माणसं गडावर आणून ओतू लागली. यंत्राच्या दृष्टीने हे उत्तमच होतं. ती परत येत होती.

“पण माफी मागणारी खरी माणसं संपलेली नाहीत,” शाल्मली म्हणाली. “त्यांचं काय होत असेल?”

“त्यांना सगळे बाहुले समजतात,” इम्तियाज म्हणाला. “मी माणूस आहे म्हणाले तरी हसतात. बाहुलेही तेच म्हणतात ना.”

“मग ते काय करतात?”

इम्तियाजने पडद्याकडे बोट दाखवलं. दोषधारकांच्या गटातली माणसं आटत चालली होती. बरीचशी खेळ सोडून गेली होती, पण बरीचशी खेळत राहिली होती, फक्त माफी मागायची थांबली होती. बाहुला कधी दोष देत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. त्यामुळे आपण माणूस आहोत हे पटवायचा एकच मार्ग उरला होता. सामना सुरू होताच जो पहिली शिवी देईल, त्याच्याविषयी शंका राहत नसे.

त्या आठवड्यात संजीवनीचा पुन्हा फोन आला. या वेळी ती हसत नव्हती.

“तो बरा झालाय, मॅडम. फारच बरा झालाय. परवा माझ्या हातून त्याचा शर्ट जळला. मी सॉरी म्हणाले, तर म्हणतो कसा, बाहुलीसारखी बोलू नको. पुढं मला काय काय बोलला ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तंत्रनिकेतनातनं एका पोराचे वडील भांडायला आले होते. पोरगं वर्गात चुकलो म्हणालं, त्याला यानं सगळ्यांपुढं उभं करून रडवलं. तुमचं तरी तो ऐकेल. एकदा बोला त्याच्याशी.”

“फोन देता त्याला?”

“खेळतोय आता. खेळताना माझ्या हातचं पाणीसुद्धा घेत नाही.”

इम्तियाजने विश्वंभरचा चालू सामना लावला. गड पडायला आला होता. विश्वंभरचा आवाज खणखणीत होता, वर्ग गप्प करणारा. तो आणि बाकीचे तिघे एका मुलीवर तुटून पडले होते. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “चुकलं माझं, मी नवीन आहे.” तिचा आवाज कापत होता.

“छान कापतोय आवाज,” विश्वंभर म्हणाला. “नवी बनावट दिसते. रडून दाखव बघू.” ती रडू लागली तसे चौघे हसले. मग त्याने तिच्या आईवडिलांविषयी काही सांगायला सुरुवात केली. सावकाश, मुद्देसूद, फळ्यावर लिहून द्यावं तसं.

“बाहुली आहे ना ती?” शाल्मलीने विचारलं.

इम्तियाजने पाहिलं. “नाही. मंगळवेढ्याची कुणीतरी आहे. माणूस आहे.”

“सामना बंद कर.”

“बंद केला तर ती पुढच्या सामन्यात जाईल. तिथंही चार जण असतीलच.”

“मग मला आत घे. त्याच्याशी बोलू दे.”

इम्तियाजने तिला निरीक्षकाच्या जागेवरून आत सोडलं. दृष्टिपटातून शाल्मलीला तट दिसला, धूर दिसला, आणि दरवाजापाशी चौघांच्या मधोमध गुडघ्यांवर बसलेली एक आकृती दिसली.

“विश्वंभर, मी शाल्मली धोंगडे बोलतेय. नागपूरहून. ती मुलगी खरी आहे. सोड तिला.”

विश्वंभर क्षणभर थांबला. मग म्हणाला, “बघा. आता मॅडमच्या आवाजात बोलायला लागले.”

“विश्वंभर, मीच आहे. तू ताईबरोबर प्रयोगशाळेत आला होतास.”

“हो, माहीत असणारच तुम्हाला. सगळं तुमच्याकडंच साठवलेलं आहे.”

“माझं ऐक. कृत्रिम भिडू आणायची कल्पना माझी होती. ती चूक होती. मला माफ कर.”

चौघेही खदखदून हसले. “झालं,” त्यांतला एक म्हणाला. “ही पण बाहुलीच.” विश्वंभर पुन्हा त्या मुलीकडे वळला आणि जिथे थांबला होता तिथून पुढे बोलू लागला.

शाल्मली ऐकत उभी राहिली. खरं सांगून उपयोग नव्हता, विनवून नव्हता, चूक कबूल करून तर मुळीच नव्हता. ते सगळं यंत्राला येत होतं. न येणारी एकच गोष्ट उरली होती, आणि विश्वंभरला ती कुठे लागेल हे शाल्मलीइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

“विश्वंभर,” ती म्हणाली. “तेव्हा मी तुला बरं वाटावं म्हणून खोटं सांगितलं. यंत्राचा काही दोष नव्हता. ते सगळे तुझ्यामुळेच हरले. एकूण एक सामना. तुझ्यासारखा नालायक माणूस मी दुसरा पाहिला नाही. तुझ्या बहिणीचं आयुष्यही तुझ्यामुळेच मातीत गेलं.”

 मुलीचं रडणं थांबलं. प्रयोगशाळेत शेजारी बसलेल्या इम्तियाजने कानांवरचे हेडफोन काढून खाली ठेवले.

विश्वंभरने मोकळा श्वास सोडला.

“अरे, खरंच मॅडम आहेत,” तो आपल्या भिडूंना म्हणाला. आणि मग आपुलकीने, “बोला मॅडम. काय म्हणत होता?”